अर्धा कीबोर्ड

शनिवारी दुपारी लॅबमध्ये तो आवाज झाला आणि माझा उजवा हात टेबलावर आपोआप हलला. मी हजेरीचा तक्ता भरत होतो. पेन त्याच हातात होतं, ते गळून खाली पडलं आणि तीन बोटं सनमायकावर टेकून थांबली, मधलं जरा पुढं, बाजूची दोन मागं. आवाज तरी केवढा. एक कोरडी पीं, आणि तिच्यामागून खाली उतरत गेलेले तीन बारीक टोचे. आजकालच्या मशीनमधून असा आवाज निघत नाही. आजकालची मशीनं गातात, बोलतात, वेळेवर पाणी प्यायची आठवण करून देतात. नुसतं टोचल्यासारखं वाजायचं ती विसरून गेलीत. अठ्ठावीस वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता आणि ऐकावा असं मला कधी वाटलंही नव्हतं. हाताला मात्र तो ओळखीचा निघाला. माझ्याआधी हाताला कळलं की गडी पाण्यात पडला.

मी उठलो. मी उठलो की लॅबमधली पोरं माना खाली घालतात, हे मला माहीत आहे आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. अंबाजोगाईतल्या या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब बावीस वर्षं माझ्या ताब्यात आहे, आणि या बावीस वर्षांत मी एकच गोष्ट हट्टानं सांभाळली, की इथं गेम चालणार नाही. दारावर पाटी आहे. मजकूर माझाच: गेम खेळताना आढळल्यास पालकांना बोलावून रजिस्टरमध्ये सही घेतली जाईल. प्राचार्य एकदा हसत म्हणाले होते, अजिनाथ सर, हे जरा जुन्या वळणाचं नाही का वाटत? मी म्हणालो, वाटू द्या. त्यांनी कारण विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी शिस्त वगैरे काहीतरी सांगितलं असतं.

खिडकीकडच्या मशीनवर एक मुलगी बसली होती. तिला पाठीमागं कोण उभं आहे याचा पत्ता नव्हता. पडद्यावर ब्राउझर उघडा, वर आठ-दहा टॅब, अभ्यासाच्या पानांची गर्दी, आणि त्या सगळ्याच्या मध्ये एक काळा चौकोन. चौकोनात चारच रंग: काळा, पांढरा, आकाशी आणि तो जांभळट गुलाबी, जो मी त्यानंतर कुठल्या साडीतसुद्धा पाहिला नाही. एक बारव. बारवेच्या भिंतीला तुटक्या पायऱ्या, खालून चढत येणारं आकाशी पाणी, आणि पांढऱ्या टोपीचा तो चार ठिपक्यांचा गडी, गुडघे वाकवून उभा. आम्ही त्याला गडीच म्हणायचो. गेमचं खरं नाव इंग्रजीत होतं आणि ते पडद्यावरून इतक्या लवकर जायचं की वाचून व्हायचं नाही. मुलीनं बाणाची की दाबली, आणि स्पेस मारताना जिभेनं टाळूला टक् केलं. मेंढरं वळवणारी माणसं करतात तसं टक्. मी पडदा सोडून तिच्याकडं बघायला लागलो. कारण गेम कुणालाही सापडू शकतो, पण ते टक् ब्राउझरमध्ये मिळत नाही.

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? तिला हळूच टॅब बंद कर म्हणाला असता आणि बाहेर जाऊन चहा प्यायला असता. मी सवयीचा गुलाम. मी रजिस्टर आणलं, तारीख घातली, मशीनचा नंबर घातला आणि नाव विचारलं. ती उभी राहिली. योगिता, म्हणाली. पूर्ण नाव, मी म्हणालो. योगिता धुळाजी, तिनं सांगितलं, पुढं आडनावही सांगितलं, पण माझं पेन धुळाजीवरच अडलं होतं. गाव तिनं धारूरच्या घाटातलं सांगितलं. ते मला सांगायची गरज नव्हती. त्या गावाच्या शिवेवरच्या लिंबाखाली मी दोनदा जेवलो आहे.

ती रडली नाही. उलट जरा फुरंगटून म्हणाली की ती टाइमपास करत नव्हती. तिच्या बाबांनी हा गेम तिला लहानपणापासून तोंडी सांगितला होता, बारव, पाणी, टोपी, सगळं. मागच्या महिन्यात तिनं शोधून काढला. जुने गेम आहेत तसे चालवून दाखवणारी साइट असते, काही उतरवून घ्यावं लागत नाही, पान उघडलं की झालं. तेव्हापासून घरी रोज जेवण झालं की ती आणि बाबा लॅपटॉपसमोर बसतात. सहाव्या बारवेपर्यंत जातात. सातवी पार होत नाही. बाबा तर तरुणपणापासून सातवीवरच अडकलेत. म्हणून ती इथं सराव करत होती, एकदा पार केली की बाबांना घेऊन जाता येईल.

“बाबा स्वतः का नाही खेळत?” मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

“ते नुसती स्पेस दाबतात सर. बाण मी. दुसऱ्या कुठल्याच कीला हात लावत न्हाईत. म्हणतात, एकदा माझ्या हातानं लई लोकांचं नुकसान झालतं, मपल्या हाताला व्हायरस हाय.” ती थोडी हसली. घरातला जुना विनोद परक्याला सांगताना हसतात तशी.

मी म्हणालो, सोमवारी वडिलांना घेऊन ये. हे वाक्य माझ्या तोंडातून बावीस वर्षांच्या सवयीनं बाहेर पडलं, आणि पडल्यावर मी त्याच्याकडं बघत राहिलो. तिनं टॅब बंद केला. मग म्हणाली, बाबा कॉम्प्युटरच्या खोलीत पाय ठेवत न्हाईत सर, माझ्या अ‍ॅडमिशनलासुद्धा गेटपाशी थांबलते. मी रजिस्टर मिटलं आणि जागेवर जाऊन बसलो.

घरी जाताना मी दोन गल्ल्या चुकलो. ज्या गावात तीस वर्षं राहिलो तिथं चुकलो. मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला औषधांच्या दुकानावर जिथं आता डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथंच वर रामेश्वर सरांचा क्लास होता. चार मशीनं, आत हार्ड डिस्क नावाची वस्तूच नाही, दोन फ्लॉपी ड्राइव्हवर सगळा कारभार. खोलीला पडदे. बाहेर चपला काढायच्या, नळावर पाय धुवायचे, ओले पाय पोत्याला पुसायचे आणि मग आत जायचं. आमच्या घरच्या देवघराला एवढं सोवळं नव्हतं. एका कीबोर्डवर दोघं, हा सरांचा नियम, कारण मशीनं चार आणि पोरं सोळा, त्यात दोन बॅचा. माझ्या शेजारी धुळाजी आला तो जागा उरली होती म्हणून. त्याचे वडील मेंढरं घेऊन चार-चार महिने फिरतीवर असायचे. हा बारावी होऊन मामाच्या ओळखीनं इथं आलेला. पहिल्या दिवशी तो मशीनकडं ज्या नजरेनं बघत होता ती नजर मी आमच्याकडं फक्त नवीन बैलजोडीकडं बघताना पाहिली होती. तो डावीकडं बसायचा, मी उजवीकडं. कीबोर्ड आम्ही मधोमध वाटून घेतला. डावीकडची अक्षरं त्याची, उजवीकडची माझी. बाण उजव्या कोपऱ्यात म्हणून माझे, स्पेस लांब असते म्हणून त्याची.

हे खुळ्यासारखं वाटेल, पण आम्ही खरंच असं टाइप करायचो. अर्जुनराव नावाच्या एका पुढाऱ्यानं सरांना सोसायटीच्या सभासदांची यादी कॉम्प्युटरवर करून द्यायला सांगितली होती, साडेचार हजार नावं. सरांनी ती आमच्या गळ्यात मारली, प्रॅक्टिस म्हणून. दोन महिने आम्ही दोघांनी मिळून ती नावं घातली, एकाच नावातली काही अक्षरं त्याच्या बोटांनी, काही माझ्या. सुरुवातीला भांडणं व्हायची. पुढं पुढं कुणाची बोटं कुठं संपतात हेच कळेनासं झालं. शंभर नावं झाली की एक डाव गेमचा. गेमची फ्लॉपी माझ्या पुण्याच्या आतेभावानं दिलेली, पण ती धुळाजीच्या खिशात असायची, कारण माझा खिसा फाटका होता. मी बाण धरायचो, तो स्पेस. उडी मारायच्या क्षणाला तो टक् करायचा आणि गडी बरोबर पुढच्या पायरीवर. मी त्याला कधी सांगितलं नाही की आता मार. त्यानं कधी विचारलं नाही. सातवी बारव मात्र आम्हाला जमली नाही, तिथं पायरी दिसते एकीकडं आणि असते एकीकडं. धुळाजी म्हणायचा, यादी झाली की एक अख्खा दिवस बसू, मग बघू कशी होत न्हाई.

विजयमालेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, रात्री ताट वाढताना विचारलं की काय झालं. मी म्हणालो, काही नाही, डोकं दुखतंय. तिनं डोक्याला बाम दिला. बाम लावून मी गच्चीवर उगीच येरझाऱ्या घातल्या. मी मनाशी हिशेब मांडत होतो की रजिस्टरमधली ओळ खोडता येईल का. येईल की. रजिस्टर माझं, नियम माझा. पांढरी शाई कपाटात आहे. एक ओळ पुसली की धुळाजी येणार नाही, त्याची पोरगी दोन वर्षांनी पास होऊन जाईल, आणि मी सुटलो. सुटलो हा शब्द मनात आला आणि मला स्वतःची शिसारी आली.

दसऱ्याला मी गावी गेलो होतो. यादीची फ्लॉपी माझ्याकडं होती. खोलीवर ठेवली तर उंदीर कुरतडतील म्हणून मी ती वहीत घालून बरोबर नेली. तेव्हा एकच कॉपी. दुसरी काढायची राहिली होती, उद्या काढू, परवा काढू. आमच्याकडं दसऱ्याला औजारं पुजतात. आईनं, छबुबाई तिचं नाव, सकाळीच पाट मांडला होता. विळा, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, वडिलांची दाढीची पेटी, बहिणीची शिवणाची कात्री. मग तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, तुझं औजार आण. मी म्हणालो, माझं कुठलं औजार. ती म्हणाली, ते काळं पान, ज्याच्यात तू नावं लिहितो, ते औजार न्हाई का? मी फ्लॉपी आणून पाटावर ठेवली. आईनं फुलं वाहिली, अक्षता वाहिल्या, आणि ओल्या बोटावर कुंकू घेऊन थांबली. सगळ्या वस्तूंना ती बरोबर जागेवर कुंकू लावायची, विळ्याला पात्यावर, नांगराला फाळावर. ती म्हणाली, ह्याचं कपाळ कुठं हाय रे? त्या जुन्या फ्लॉपीला एक लांबट खिडकी असते आणि तिच्यातून आतली चकती उघडी दिसते. तिला बोट लावायचं नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मला पक्कं माहीत होतं. पण माझी अडाणी आई माझ्या शिक्षणाला कपाळ विचारत होती, आणि मला एवढा जिव्हाळा दाटून आला की मी बोट दाखवून म्हणालो, हे बघ, इथं. तिनं कुंकू लावलं आणि वर हळदही लावली. ती उठून गेल्यावर मी अंगठ्यानं आणि सदऱ्याच्या टोकानं ते पुसून काढलं. निघालं असं वाटलं.

नाही निघालं. दसऱ्यानंतर क्लास उघडला. मशीननं फ्लॉपी आत घेतली आणि आतून खरखर आली, खलबत्त्यात मीठ कुटावं तशी. पडद्यावर ओळ आली, वाचता येत नाही, आणि खाली तीन शब्द: अबॉर्ट, रिट्राय, फेल. मी रिट्राय केलं. पुन्हा केलं. धुळाजी घाबरला, म्हणाला, ड्राइव्ह बिघडला का बघू, आणि खिशातली गेमची फ्लॉपी त्यात घालून बघितली. तीही गेली. मग सर आले. त्यांनी त्यांच्या तीन फ्लॉपी त्याच ड्राइव्हमध्ये घातल्या आणि तिन्ही गेल्या. तेव्हा व्हायरस हा शब्द नवीन होता आणि सगळे त्याला पटकीच्या साथीसारखे घाबरायचे. एकाची लागण दुसऱ्याला झालेली सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. सरांनी विचारलं, बाहेरची फ्लॉपी कुणी लावली? धुळाजीच्या हातात गेमची फ्लॉपी होती.

सगळ्या बॅचसमोर सर त्याला म्हणाले, “मेंढरं वळायची सोडून इथं आलास. तुझ्या हातातच व्हायरस हाय.”

माझ्या अंगठ्याच्या नखात कुंकू होतं. मी खाली बघितलं तेव्हा ते दिसलं. ड्राइव्हच्या आत जे खरखरत होतं ते काय आहे हे मला त्या क्षणी कळलं, अगदी लख्ख कळलं, आणि मी मूठ मिटली. मी स्वतःला सांगितलं की आईची फजिती होईल, सगळे हसतील. पुढं कितीतरी वर्षं हेच सांगत राहिलो, आईसाठी गप्प बसलो. आई तिकडं शेतात खुरपत होती, तिला कोण हसणार होतं? मी अर्जुनरावाला भ्यालो, सरांना भ्यालो, क्लासमधून जायला भ्यालो. धुळाजी एक शब्दही उलट बोलला नाही. त्याला ते पटलेलं दिसत होतं. चपला घालताना तो मला म्हणाला, अज्या, तुझी मेहनत पण गेली बे माझ्यापायी. आणि जिना उतरून गेला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि अख्खा कीबोर्ड माझा झाला. मी डाव्या हाताला टाइप करायला शिकवलं. कोर्स पुरा केला, पुढं शिकलो, नोकरी लागली. आई मरेपर्यंत विचारायची, तुझा तो दोस्त येत न्हाई कावून आता? त्याला माझ्या हातची चटणी आवडायची. मी सांगायचो, तो फिरतीवर असतो. आईला जाऊन तीन वर्षं झाली.

रविवारी मी लॅपटॉप उघडला आणि गेम शोधला. दोन मिनिटांत सापडला. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. ज्या वस्तूपायी एका माणसाला जिन्यावरून खाली पाठवलं ती फुकट, कुणालाही, एका टिचकीवर मिळत होती. मी खेळायला बसलो. उजव्या हाताला सगळं आठवत होतं. कुठं थांबायचं, कुठं एक पाऊल मागं यायचं, कुठं पाणी लवकर चढतं. पण गडी उडीच मारेना. म्हणजे मारायचा, पण उशिरा. आठ तास टाइप करू शकणारा माझा डावा हात त्या एका लांब कीपुढं दगड झाला होता. पहिल्याच बारवेत मी सोळा वेळा बुडालो. विजयमाला भाजी निवडता निवडता बघत होती. शेवटी न राहवून ती आली आणि म्हणाली, द्या, मी दाबते ती. तिनं दाबली. गडी भिंतीवर आपटला. पुन्हा आपटला. मी चिडलो, म्हणालो, अगं, वेळेवर दाब ना.

“तुम्ही सांगतच नाही कधी उडी मारायची,” ती म्हणाली. “मला कसं कळणार?”

तिचं बरोबर होतं. मी लॅपटॉप मिटला, मग पुन्हा उघडला. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, कोण दाबायचं आधी ही? मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, होता एक, आणि उठून दाढी केली, रविवारी, संध्याकाळी सहा वाजता.

सोमवारी मी तासभर आधी लॅबमध्ये गेलो. रजिस्टर काढलं, पांढऱ्या शाईची बाटली काढली, झाकण उघडलं. ब्रश ओळीवर धरला. धुळाजी हा शब्द माझ्याच अक्षरात समोर होता. पोरीला नंतर सांगता आलं असतं, जाऊ दे, या वेळी माफ. मी किती वेळ तसा बसलो माहीत नाही. ब्रशवरची शाई वाळून पापुद्रा झाली. तेवढ्यात बाहेरच्या पाण्याच्या नळाचा आवाज आला. कुणीतरी खळखळून पाय धूत होतं. आमच्या लॅबबाहेर पाय कुणी धूत नाही. बूट-चपलांसह सगळे आत येतात, ते सोवळं कधीच संपलं. मी दारात गेलो तर उंबऱ्याबाहेर एक चपलांचा जोड नीट भिंतीला लावून ठेवलेला, आणि फरशीवर ओल्या पावलांचे ठसे, आणि त्यांच्या टोकाला धुळाजी. केस पिकलेत. अंगानं भरलाय. खिशात मोबाइल, हातात पिकअपची किल्ली. तो आता बकरी बाजाराला नेण्याचा धंदा करतो, हे मला योगितानं सांगितलं होतं. ती त्याच्या मागं उभी होती आणि वडिलांच्या ओल्या पायांकडं बघून लाजत होती.

“सर,” तो म्हणाला.

मला वाटलं त्यानं ओळखलं नाही. मी म्हणालो, धुळाजी, मी अजिनाथ. तो म्हणाला, म्हाईत हाय की. तुमी हिथं हाय म्हणूनच पोरीला ह्या कॉलेजात घातली. ओळखीचं माणूस हाय, सांभाळून घेईल. मग त्यानं रजिस्टरकडं बघितलं आणि विचारलं, सही कुठं करू? पोरीची चूक न्हाई सर, मीच तिला नाद लावला, जे काय लिहायचं ते माझ्या नावानं लिवा. मी त्याला बस म्हणालो. तो बसला नाही. म्हणाला, उभाच बरा, कशाला हात लागला तर पुन्हा घोटाळा. आणि दोन्ही हात त्यानं पाठीमागं धरले. तो हे विनोदानं म्हणाला, पण हात त्यानं खरोखरच मागं धरले होते. माझी चीड आली मला.

“व्हायरस नव्हता,” मी म्हणालो.

“काय?”

“तेव्हा. व्हायरस नव्हताच, धुळ्या. यादीच्या फ्लॉपीला कुंकू लागलं होतं. दसऱ्याला आईनं पुजली. कुठं लावू म्हणाली तर मी तिला खिडकी दाखवली.”

योगिता एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती. धुळाजी म्हणाला, “मग माझी गेमची कावून गेली? ती तर चांगली होती.”

“ते कुंकू ड्राइव्हच्या आत लागलं. त्यात जी घालू ती जात होती. सरांच्यापण तशाच गेल्या.”

“हां,” तो म्हणाला. हिशेब जुळल्यासारखी त्यानं मान हलवली. त्याचे हात अजून मागंच होते. “तुला कधी कळलं हे?”

मला खोटं बोलता आलं असतं. परवा कळलं म्हणता आलं असतं, पोरीला खेळताना बघून आठवलं म्हणता आलं असतं. जिभेच्या टोकावर आलंही होतं. “त्याच दिवशी,” मी म्हणालो. “सर तुला बोलत होते तेव्हा.”

“छबुमावशीला म्हाईत होतं?”

“न्हाई. तिला कधीच सांगितलं न्हाई. ती गेली, तीन वर्षं झाली.”

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं तो आता बोलेल, ओरडेल, कानाखाली वाजवेल, आणि खरं सांगतो, मी त्याची वाट बघत होतो. पण तो हळू आवाजात म्हणाला, “तिला कळलं असतं तर तिनं तुला कान धरून माझ्या घरी आणलं असतं.” मग पोरीकडं वळून म्हणाला, “लाव ती बारव.”

योगितानं माझ्याकडं बघितलं. लॅब, पाटी, नियम. मी मान हलवली. तिनं खिडकीकडच्या मशीनवर ते पान उघडलं. काळा चौकोन आला, आकाशी पाणी आलं. धुळाजी खुर्ची ओढून बसला, सरळ मधोमध. त्यानं पाठीमागचे हात पुढं आणले, पँटला पुसले आणि कीबोर्डवर अधांतरी धरले. मग एका बोटानं डावीकडच्या कोपऱ्यातली पहिली की दाबली. दुसरी दाबली. तो एकेक की दाबत उजवीकडं चालला होता, माझ्या हद्दीत आला होता, आणि काहीही बिघडत नव्हतं. योगिता म्हणाली, बाबा, ह्यांनी काय होत न्हाई, हे गेमात चालतच न्हाईत. तो म्हणाला, बघू दे.

मग त्यानं डावा हात स्पेसवर ठेवला आणि उजवा बाणांवर. गडी पुढं गेला, टक्, आणि पाण्यात पडला. पीं. पुन्हा. भिंतीवर आपटला. त्याच्या उजव्या हाताला काही म्हणजे काही येत नव्हतं, कुठं थांबायचं, कुठं मागं यायचं. ते सगळं माझ्या हातात होतं. मी कधी त्याच्या शेजारी जाऊन बसलो मला कळलं नाही. चौथ्यांदा गडी तुटक्या पायरीपाशी आला, पाणी खालून चढत होतं, एक पाऊल मागं यायला हवं होतं, आणि माझी तीन बोटं आपसूक पुढं होऊन बाणांवर त्याच्या बोटांशेजारी टेकली.

“हात काढ बे,” धुळाजी म्हणाला.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी हात काढला. गडी पडला, आवाज झाला, त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मागं पोरं येऊन उभी राहू लागली होती आणि पाटीकडं आणि माझ्याकडं बघत होती. मी तिथंच बसून राहिलो, आणि तो उजवा हात कुठं ठेवावा हे मला कळत नव्हतं.